माझ्या फॉर्मने खाल्लेले दोन दिवस

एका मुलाचे दोन दिवस माझ्या हातून गेले. या लेखात ठेकेदारावर आणि व्यवस्थेवर बोट दाखवायला भरपूर जागा आहे आणि ते मी दाखवणारच आहे. पण सुरुवात स्वतःपासून करते, कारण ते दोन दिवस मी बनवलेल्या फॉर्मने खाल्ले.

पिंपरीतल्या आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात रविवारी वंदना झाली की मी लॅपटॉप उघडून बसते. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पीएफचा क्लेम, जे येईल ते भरून द्यायचे. येणाऱ्यांत निम्मी मुले नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची असतात. चाकण, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या पट्ट्यात एका रूममध्ये सहा-सहा जण राहतात आणि ठेकेदाराच्या नावावर कामाला जातात. प्रत्येकाचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो : "ताई, माझे किती दिवस भरले?"

बोटांवर मोजून मी कंटाळले आणि २०२२ साली यूट्यूबवर बघत बघत एक छोटा वेब फॉर्म तयार केला. दोन चौकटी : कामावर लागल्याची तारीख, काम सुटल्याची तारीख. खाली बटण आणि त्याखाली उत्तर : एकूण दिवस. एम.ए. समाजशास्त्राच्या बाईला संगणकाने हिशेब करून दिला, म्हणून मला त्याचा केवढा अभिमान! विहारातली पोरेही म्हणायची, ताईंचा फॉर्म कधी चुकत नाही.

जून २०२३ मध्ये कंधार तालुक्यातला एक मुलगा आला. पहिल्यांदा तो २ मे २०२२ ला लागला आणि ३० सप्टेंबरला त्याला 'ब्रेक' दिला. पुन्हा १ फेब्रुवारी २०२३ ला घेतला. २९ एप्रिलला संध्याकाळी सुपरवायझरचा फोन : उद्यापासून येऊ नको. हातात मुदतीचे पत्र नाही, नोटीस नाही. पगार मात्र पूर्ण महिन्याचा, साप्ताहिक सुट्टीसकट, आणि दोन्ही वेळा मिळून एकही खाडा नाही. हजेरी बोनस बुडू नये म्हणून अंगात ताप असताना लाइनवर उभा राहिलेला मुलगा.

मी तारखा टाकल्या. पहिला तुकडा १५१ दिवस, दुसरा ८७. एकूण २३८.

हा आकडा ऐकून तो का गप्प झाला, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम २५-बी नुसार कामगाराने मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम केले असेल, तर त्याची वर्षभराची सलग सेवा धरली जात असे. तसे झाले की कलम २५-एफ चे संरक्षण मिळे : एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई. हे न देता काढले तर त्या काढण्यालाच आव्हान देता येई. सुट्ट्या धरायच्या की नाही, हा वादही सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या कामगारांच्या प्रकरणात मिटवला होता : पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या त्या २४० दिवसांत धरायच्या. २४० भरले म्हणजे खटला जिंकला असे नाही, पण दार उघडते. २३९ ला दार बंद.

"दोन दिवस कमी पडतात रे," मी म्हणाले. तो म्हणाला, "मंग जाऊ द्या ताई." त्याच आठवड्यात त्याने ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन फुल अँड फायनलच्या कागदावर सही केली.

चूक कळायला वर्षाहून जास्त काळ गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅन्टीनमध्ये भाकऱ्या थापणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांना फक्त जुलैची हजेरी ताडून बघायची होती. मी १ जुलै आणि ३१ जुलै टाकले. उत्तर आले ३०. मावशींनी डाव्या हाताच्या मुठीवरची हाडे मोजली आणि म्हणाल्या, "जुलै एकतीसचा असतो ना गं? मी तर रोज गेले."

फॉर्म एकतीसमधून एक वजा करत होता. त्याच्या दृष्टीने बरोबरच होते. एक तारीख आणि एकतीस तारीख यांतले अंतर तीसच. पण मावशींनी अंतर कापले नव्हते, दिवस भरले होते. सोमवार ते बुधवार कामावर गेलेल्या माणसाचे दिवस तीन होतात, दोन नाही. जिथे पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस कामाचे आहेत, तिथे वजाबाकीत एक मिळवावा लागतो. आणि सेवेचे दोन तुकडे असतील, तर दोनदा.

मी त्याच क्षणी कंधारच्या मुलाच्या तारखा कागदावर मांडल्या. मे महिन्याचे ३०, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१, सप्टेंबर ३० : एकशे बावन्न. फेब्रुवारी २८, मार्च ३१, एप्रिल २९ : अठ्ठ्याऐंशी. बेरीज बरोबर २४०.

मित्रांनो, यात मला सगळ्यात जास्त लागले ते हे की ठेकेदाराने इथे काही लबाडी केलीच नव्हती. तारखा खऱ्या होत्या, हजेरी पूर्ण होती. दार बंद झाले ते माझ्या वजाबाकीने.

मग मी हट्टाने शिकायला बसले. पहिली गोष्ट कळली ती ही की 'किती दिवस' या प्रश्नाचे एकच उत्तर नसते. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम ९ सांगते की कायद्यात अमुक दिवसा'पासून' असे म्हटले, तर तो पहिला दिवस धरायचा नाही. १९६३ च्या मुदत कायद्यातही तेच : ज्या दिवसापासून मुदत सुरू होते, तो दिवस वगळा. म्हणजे अपील करायला किती दिवस उरले, हे मोजताना पहिला दिवस सुटतो आणि त्यात फायदा आपला असतो. कामाचे दिवस मोजताना पहिला दिवस धरायचा आणि त्यातही फायदा आपलाच. तारखा त्याच, नियम दोन. वजाबाकीच्या चिन्हाला हे कळत नाही. ते कोणीतरी फॉर्मला सांगावे लागते. मी सांगितले नव्हते, म्हणून फॉर्मने आपल्या सोयीचा नियम लावला.

दुसरा धडा रात्रपाळीने दिला. ओव्हरटाइमसाठी मी फॉर्ममध्ये वेळेच्या चौकटी टाकल्या होत्या. एका मुलाने रात्री साडेअकरा ते सकाळी सात अशी पाळी भरली. उत्तर आले उणे साडेसोळा तास. तो हसत म्हणाला, "म्हणजे ताई, मीच कंपनीला साडेसोळा तास देणं लागतो का?" सगळे हसले. मलाही हसू आले, पण घरी गेल्यावर अण्णांची डायरी आठवली.

माझे वडील ऐंशी-नव्वदच्या दशकात पिंपरीत टेम्पररी होते. १९५४ ला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली आणि पिंपरीचे गावपण सरले. मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी भरत गेले आणि खेड्यातून निघालेल्या आमच्यासारख्या शेकडो घरांना वाटले की आता गावकीच्या कामातून सुटका झाली. अण्णा सातवी शिकलेले. त्यांच्या खिशात छोटी डायरी असायची आणि रोजच्या पानावर एवढेच : पहिली, दुसरी, तिसरी, सुट्टी. तिसरी पाळी ते नेहमी ज्या दिवशी सुरू झाली, त्याच पानावर लिहायचे. सोमवारी रात्री गेलेले अण्णा मंगळवारी सकाळी यायचे, पण पान सोमवारचे. मी लहानपणी विचारले होते, तर म्हणाले, "रात्र सोमवारची, हजेरी सोमवारची."

१९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम ५७ मी पुढे वाचले, तेव्हा थक्क झाले. पाळी मध्यरात्रीपलीकडे गेली, तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून चोवीस तासांचा मानायचा, असे ते कलम सांगत होते. घड्याळाची बारा वाजताची रेघ कामगाराच्या दिवसाचे दोन तुकडे करू शकत नाही. माझ्या अण्णांची डायरी कायद्याप्रमाणे चालत होती आणि माझा फॉर्म मात्र बाराच्या ठोक्याला अडखळत होता. तास मध्यरात्रीने तोडले की त्या कायद्यातली दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कधी ओलांडली, हे दिसतच नाही. ते दिसले नाही, तर तेव्हाच्या कलम ५९ प्रमाणे दुप्पट दराचा ओव्हरटाइम मागायचा कशावर?

तिसरी खोड तारखेच्या क्रमाची. लॅपटॉपची भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवलेली असेल, तर तारखेची चौकट आधी महिना मागते आणि मग दिवस. २ मे लिहायला ०२/०५ टाकले की ५ फेब्रुवारी होतो. तारीख १३ किंवा त्यापुढची असेल, तर चौकट अडते आणि चूक कळते. बारापर्यंतची असेल, तर मुकाट्याने गिळते. आणि संगणकाचे काम करणाऱ्या आपल्या पोरांसाठी एक सूचना : नुसती तारीख दिली तर ब्राउझर ती ग्रिनिचच्या मध्यरात्रीची धरतो, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेपाचची. इथल्या मध्यरात्रीच्या वेळेतून ती वजा केली आणि अपूर्णांक कापून टाकला की एक दिवस गळतो. कोणाला दिसतही नाही.

काही जण म्हणतील, हा संगणकाचा विषय झाला, चळवळीचा यात काय संबंध? एम.ए.ला असताना ई. पी. थॉम्पसन यांचा १९६७ चा वेळ आणि औद्योगिक भांडवलशाहीवरचा निबंध आम्हाला होता. घड्याळ हे शिस्तीचे हत्यार कसे झाले, हे त्यात आहे. ते खरेच आहे. पण आपल्या समाजाचा इतिहास त्याच्या आधीपासून सुरू होतो. आपल्या पूर्वजांना घड्याळाने छळले नाही, मोजमापच नसलेल्या कामाने छळले. महार वतनात कामाला तास नव्हते. सरकारी अंमलदार, पाटील, गाव यांपैकी कोणीही केव्हाही हाक मारावी आणि जावे. बाप घरी नसेल, तर मुलाने जावे. मोबदला म्हणून वतनाचा तुकडा आणि घरोघर फिरून मिळणारे बलुते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात आणले, ते या अमर्याद चाकरीला मर्यादा घालण्यासाठीच. ही कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ उजाडले.

म्हणून आपल्यासाठी मोजलेला तास ही मुक्तीची गोष्ट आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली, म्हणजे आठवड्याला पहिल्यांदा शेवट मिळाला. दरवर्षी एप्रिलमध्ये आपल्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो की बाबासाहेबांनी कामाचे चौदा तास आठवर आणले. भावना योग्य, पण नोंद नीट ठेवू या. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यांना दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न तासांची मर्यादा होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दुरुस्ती विधेयक मांडले आणि १९४६ च्या कायद्याने ती मर्यादा दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस झाली. आठवड्याचे सहा तास. हे सहा तास देशभरच्या कामगारांच्या नावावर कायद्याने लिहिले गेले, ही गोष्ट फुगवून सांगायची गरज नाही. फुगवलेला आकडा समोरचा सहज खोडतो, आणि मग खराही खोटा ठरतो.

आता तोच आकडा पुन्हा सैल होतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि मी वर सांगितलेले जुने कामगार कायदे त्यांत विलीन झाले. २४० चा आकडा नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पण काढून टाकल्याविरुद्ध दाद मागायची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. निश्चित मुदतीच्या कामगाराला आता पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी मिळू शकते, ही चांगली बाजू. पण म्हणजेच 'एक वर्ष भरले का' हा प्रश्न आता हजारो पोरांच्या वाट्याला येणार. अकराव्या महिन्यात ब्रेक का दिला जातो, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

पीएफमध्येही तेच. १९९५ च्या पेन्शन योजनेत पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. एकूण सेवा मोजताना वरचे महिने सहा किंवा जास्त असतील, तर पूर्ण वर्ष धरतात. कमी असतील, तर सोडून देतात. म्हणून साडेनऊ वर्षे भरलेला माणूस पेन्शनला पात्र ठरतो आणि नऊ वर्षे पाच महिने एकोणतीस दिवसांचा ठरत नाही. एका दिवसावर म्हातारपण अडलेले असते. आणि सेवेच्या दोन्ही टोकांच्या तारखा कोण भरतो? मालक किंवा ठेकेदार. फॉर्म बिचारा प्रामाणिकपणे वजाबाकी करतो, पण कोणाच्या तारखांची?

म्हणून आपल्या विहारांत, अभ्यासिकांत, रूमवर काही सवयी लावून घेऊ या. रोजची हजेरी स्वतः लिहा : तारीख, पाळी, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ. पंचिंगचा, गेटपासचा, पेस्लिपचा फोटो ठेवा. २४० दिवस भरल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी कामगारावर आहे, नुसते शपथपत्र पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हादिमनी प्रकरणात म्हटले. २००५ च्या येल्लट्टी प्रकरणात कामगाराला मस्टर न्यायालयासमोर मागवून घेण्याची वाटही दाखवली. पण मस्टरसमोर ठेवायला आपली डायरी हवी. पीएफच्या पोर्टलवर आपला सेवा इतिहास उघडून लागल्याची आणि सुटल्याची तारीख तपासा. ठेकेदाराने सुटल्याची तारीख टाकलीच नसेल, तर दोन महिन्यांनंतर ती आपली आपल्याला टाकता येते. साडेनऊच्या आसपास सेवा असेल, तर घाईने पेन्शनचे पैसे काढू नका. आधी मोजून घ्या.

आणि कोणत्याही फॉर्मवर विश्वास ठेवण्याआधी त्याला आपल्याला उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारा. १ ते ३१ जुलै टाका. ३१ आले, तर तो कामाचे दिवस मोजतो. ३० आले, तर नुसते अंतर मोजतो. रात्री साडेअकरा ते सकाळी सात टाका. साडेसात तास आले पाहिजेत. फॉर्म तुम्ही बनवत असाल, तर वेळेबरोबर तारीखही मागा, महिना अक्षरात दाखवा आणि उत्तराशेजारी 'दोन्ही दिवस धरून' असे स्पष्ट लिहा. माझ्या फॉर्मवर आता ते लिहिलेले आहे. मावशींनी तपासून दिले आहे.

कंधारच्या त्या मुलाला मी ऑगस्ट २०२४ च्या त्याच रविवारी रात्री फोन केला. सगळे सांगितले, माफी मागितली. तीन वर्षांची मुदत तेव्हा संपलेली नव्हती. सही झालेली असली तरी वकिलाला विचारू, म्हणाले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, आता दुसरीकडं लागलोय. इथला सुपरवायझर त्या ठेकेदाराच्या ओळखीचा हाय. केस टाकली तर हेबी जाईल."

मी त्याला भरीस घातले नाही. दोन दिवसांची चूक माझी होती आणि तिची किंमत पुन्हा त्यानेच मोजावी, असे म्हणायचा मला अधिकार नव्हता. फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, "इथले तरी नीट मोजा."

मोजते आहे. तोही मोजतो आहे, एका वहीत.

जय भीम.